मागच्या रांगेतला डबा

कॉफीचं भांडं सापडत नव्हतं. आईच्या स्वयंपाकघरात दलेंदाला आजवर काही शोधावं लागलं नव्हतं. भांडं चुलीच्या डावीकडच्या खिळ्याला, कॉफी त्याच्या वरच्या कोनाड्यात, आणि साखर हरवलीच तर मुंग्यांच्या मागोमाग जायचं. आता तो खिळाच नव्हता. त्याचं भोक बुजवून वर गुळगुळीत पांढरा रंग फासला होता.

"काय हवंय?" अंगणातून बाबांचा आवाज आला, गिऱ्हाइकाला विचारावं तसा.

"कॉफीचं भांडं."

"दुसरी फळी, उजवा कोपरा. रोजची वस्तू कमरेच्या उंचीला, आठवड्याची डोळ्यांसमोर, वर्षाची माळ्यावर. डोकं चालव म्हणजे हात चालवावे लागत नाहीत."

दलेंदानं फळीवर हात घातला. भांडं दुसऱ्या फळीवर उजव्या कोपऱ्यात होतं, हे अधिकच चीड आणणारं होतं.

ट्युनिसमध्ये कोपऱ्यावरच्या वाण्याला कुणी नाव विचारत नाही. 'ए जर्बी', म्हणजे 'ए बेटावरच्या', म्हणून हाक मारतात; वाणी बहुतेक त्याच बेटावरचे. यूनुसबाबा आयुष्यभर तिथल्या एका गल्लीचे जर्बी होते. बेटावरच्या स्वतःच्या घरी ते यायचे उन्हाळ्यात, आणि जमलं तर ईदला. घर आईचं. भिंती आपोआप पांढऱ्या राहतात, अंगणाखालच्या टाक्यातलं पावसाचं पाणी आपोआप स्वच्छ राहतं, कोठी आपोआप भरते, असंच त्यांना वाटत असावं. या हिवाळ्यात आई गेली. पुतण्याच्या हाती दुकान सोपवून बाबा कायमचे घरी आले, आणि घर म्हणजे नीट न मांडलेलं दुकान आहे असं ठरवून कामाला लागले.

रोज सकाळी मोबाइलवर कैरोतली कुणी उत्साही बाई घर कसं ठेवावं ते शिकवायची आणि दुपारपर्यंत बाबा ते करून टाकायचे. चपलांना कप्पे झाले. किल्ल्यांना रंगीत दोरे लागले. कोठीच्या पडद्याला तर त्यांनी घंटी बांधली होती. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "कुणी आत शिरलं की कळतं."

"घरात तुम्ही एकटे असता, बाबा."

"मग वाजत नाही."

दलेंदा सूसला शाळेत शिकवायची. सुट्टी संपायच्या आत ती आली होती ती एका डब्यासाठी, आणि आल्या आल्या तिनं तसं सांगितलंही होतं. आईनं मागच्या ऑगस्टमध्ये वळलेलं कुसकुस. दरवर्षी आई परातीत रवा घ्यायची, मिठाचं पाणी शिंपडायची, तळहात गोल गोल फिरवत बारीक दाणा वळायची, चाळायची, आणि गच्चीवर चादरी पसरून वाळवायची. वर्षभराची बेगमी. निळ्या पत्र्याच्या डब्यात शेवटचं थोडं होतं. दफनानंतर घर सोडताना दलेंदानं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हाच न्यायला हवं होतं. पण आलेल्या बायकांच्या देखत सामान बांधणं तिला बरं वाटलं नव्हतं.

"कुसकुस कुठे ठेवलंय?" तिनं पुन्हा विचारलं.

बाबा स्टुलावर बसून एका काचेच्या बरणीवर चिठ्ठी चिकटवत होते. "मिळेल."

"काल पण हेच म्हणालात."

"आज पण खरं आहे."

"बाबा, संपलं असेल तर संपलं म्हणा."

"आधी मांडणी होऊ दे. मांडणी अर्धवट असताना माल काढला की सगळा घोळ होतो."

दुकानातला त्यांचा एक कायदा दलेंदाला लहानपणापासून पाठ होता. शाळेच्या सुट्टीत ट्युनिसला गेली की त्यांनीच तो तिच्याकडून करून घेतला होता: नवा माल मागे सरकवायचा, जुना पुढे ओढायचा. जुनं आधी गेलं पाहिजे. बाबांनी हा कायदा कोठीला लावला असेल तर तो डबा केव्हाच पुढे आला असणार, आणि केव्हाच गेला असणार.

दुपारी मन्नूबिया मावशी आली; मावशीला तिकडे 'खालती' म्हणतात. ही आईची धाकटी बहीण. दोन घरं पलीकडे राहायची आणि दारातूनच बोलायला सुरुवात करायची.

"आलीस का गं? बरं झालं. तुझ्या बापाला आवर. परवा मला पिशवीभर सुक्या मिरच्या आणून दिल्या. माझ्या बहिणीनं ओवलेल्या माळा! म्हणे, 'जुना माल आहे, खपवून टाक.' खपवून टाक! मी काय भंगारवाली?"

"पुढच्या उन्हाळ्यात फिक्या पडल्या असत्या," बाबा म्हणाले.

"तुम्ही नाही का पडलात फिके? तुम्हाला कुणी खपवलं का?"

दलेंदानं मध्येच विचारलं, "खालती, कुसकुस पण दिलं?"

"मला नाही बाई. मिरच्या दिल्या, पुदिना दिला, धन्याची पूड दिली. कुसकुसाचं मी विचारलं तर म्हणाले, ते बघू. आमच्या दाजींचं 'बघू' म्हणजे काय ते तुझ्या आईला ठाऊक. लग्नानंतर गच्चीला कठडा बांधून देतो, बघू, म्हणाले होते."

"कठडा बांधला की मी!"

"हो, मुलगी कॉलेजात गेल्यावर. पडायच्या वयात ती दोरी बांधून खेळली."

बाबांनी बरणी फळीवर ठेवली, चिठ्ठी समोर येईल अशी वळवली, पुन्हा एकदा किंचित वळवली, आणि दुपारच्या नमाजाला जायचं म्हणून उठले. दाराशी थांबून म्हणाले, "कोठीत काही हलवू नका. रंग अजून ताजा आहे."

"उन्हाळ्याच्या सुरुवातीला दिला ना?" दलेंदानं विचारलं.

"वाळायला वेळ घेतो. चांगला रंग आहे तो."

ते गेले. दलेंदानं कोठीचा पडदा सारला तशी घंटी वाजली.

आत सगळं दुकानासारखं होतं. तेलाचे डबे ओळीत, डाळी ओळीत, टोमॅटोच्या डब्यांवरची चित्रं एका दिशेला. मागची भिंत मात्र चकाकत होती. आई दर वसंतात या भिंतीला चुना द्यायची. कमरेला फडकं, हातात झाडूसारखा कुंचा, आणि दिवसभर बडबड. भिंत आतून ओली असते, चुना ती ओल बाहेर सोडतो, तिला श्वास घेऊ द्यावा लागतो, हे ती इतक्यांदा म्हणायची की ऐकणाऱ्यालाच श्वास नकोसा व्हावा. बाबांनी त्या चुन्यावर प्लॅस्टिकचा रंग दिला होता. तळहाताएवढे फुगे आले होते. दलेंदानं एकाला बोट लावलं तर तो मऊ लागला, पिकलेल्या अंजिरासारखा.

"अगंबाई," खालती म्हणाली, "भिंतीला रेनकोट घातलाय मेल्यानं."

वरच्या फळीवर कुसकुसाची पाकिटं होती, कारखान्यातली. ही पाकिटं बाबांनी उभ्या आयुष्यात विकली, पण घरात येऊ दिली नव्हती. त्याला कुसकुस म्हणायचं तर भुश्याला बदाम म्हणा, असं ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणायचे. पुढचं पाकीट अर्धं रिकामं होतं आणि त्याच्या तोंडाला कपड्याचा चिमटा लावला होता. म्हणजे गेले कित्येक महिने ते हेच खात होते. दलेंदानं पाकिटं बाजूला केली. त्यांच्या मागे, अगदी भिंतीला चिकटून, निळा डबा होता.

ती नुसती बघत राहिली. मागची रांग. नव्या मालाची जागा. जो इतक्यात जायचा नाही, त्याची. मिरच्या वाटल्या, पुदिना वाटला, आणि घरातलं सगळ्यात जुनं त्यांनी सगळ्यात मागे लावलं.

"उघड की," खालती हळू आवाजात म्हणाली.

डबा उचलताना तळाचा पत्रा भिंतीच्या बाजूनं लाल झालेला दिसला. झाकण निघालं. वर कोरडा, फिका सोनेरी दाणा होता. दलेंदानं हात घातला, आणि बोटांना जाळं लागलं. खाली गठ्ठे झाले होते. एक पोरकिडा तिच्या नखावरून सावकाश चालत गेला.

आई गेली तेव्हा ती रडली नव्हती. पाहुण्यांना पाणी देण्यात दिवस गेला होता. आताही तिला रडू आलं नाही. तिला संताप आला. इतका, की डबा घट्ट धरून ती अंगणात जाऊन उभी राहिली आणि बाबा परत येईपर्यंत हलली नाही.

"हात लावू नका म्हटलं होतं," बाबा म्हणाले.

"बघा यात."

त्यांनी पाहिलं. मग कोठीच्या दाराकडे पाहिलं.

"रंगाच्या दुकानदारानं दहा वर्षांची हमी दिली होती," ते म्हणाले. "ओल आत येणार नाही म्हणाला."

"ओल आतच होती, बाबा! बाहेर जायची ती कोंडलीत तुम्ही. आई दरवर्षी सांगायची."

"मला नाही सांगितलं."

"तुम्ही इथे होतात कुठे?"

हे बोलायचं नव्हतं. खालतीनं कुंड्यांतली सुकी पानं खुडायला घेतली. बाबा स्टुलावर बसले. दलेंदाला वाटलं, आता ते कैरोच्या बाईचं नाव घेतील, नाहीतर रंगाच्या कंपनीचं.

"त्या डब्यासाठीच रंग दिला," ते म्हणाले. "भिंत झडत होती, डब्यावर पांढरी भुकटी पडायची. रोज पुसत होतो. म्हटलं, कायमचा बंदोबस्त करू."

"मला देऊन टाकायचा होता. मी मागितला ना?"

"दिला असता तर नेला असतास."

"न्यायलाच मागत होते!"

"तेच म्हणतोय."

या माणसाशी भांडणं म्हणजे वाळूत खड्डा खणणं होतं; जितकं उपसावं तितकं पुन्हा आत यायचं.

"दाजी," खालती म्हणाली, "आता वाद नंतर घाला. उन्हं आहेत तोवर गच्चीवर चादर टाका. वरचं चाळलं तर वाचेल. खालचं कोंबड्यांना."

"चाळा, ऊन दाखवा आणि परत भरा," बाबा म्हणाले. "मी दुसरा डबा आणतो. काचेचा. तमालपत्र टाकू. ती बाई म्हणत होती, तमालपत्रानं किडा..."

"परत भरायचं नाही," दलेंदा म्हणाली.

"अगं, पण..."

"आज शिजवायचं."

"सगळं? सगळं खाल्लं तर संपलं की ते."

"नाही खाल्लं तर किडे खातील, बाबा. त्यांनी सुरुवात केलीच आहे. अंडी दिसत नाहीत, ती दाण्यात असतात. महिन्याभरात ही झुंबड परत. मग काय, त्या बरणीवर चिठ्ठी लावून बघत बसणार आहात?"

तिला वाटलं, बाबा उठून रागानं बाहेर जातील. ते उठले, भिंतीवरची मोठी चाळणी काढली आणि जिना चढू लागले. "खाली उभ्या राहू नका," पाठमोरेच म्हणाले. "एकीनं चादर आणा. धुतलेली."

चाळताना मात्र ते वाणी होते. मनगटाला एक हलका झटका, दाणा खाली, जाळं वर. खालती गठ्ठे वेगळे करत होती आणि प्रत्येक किड्याला नावानं शिव्या देत होती. एक किडा त्या दुकानदाराचा होता, दहा वर्षांच्या हमीचा. दलेंदा गुडघ्यांवर बसून दाणे पसरत होती. हाताला ते अजून तसेच लागत होते, सगळे एकाच मापाचे. आईचे दाणे असेच असायचे. तिचे स्वतःचे कधी वाटाण्याएवढे व्हायचे, कधी पुन्हा रवा. शिकायला वेळ आहे, असं दर ऑगस्टमध्ये वाटायचं.

जे उरलं ते चौघांना पुरेल इतकंही नव्हतं. तिघांचं होणार होतं.

ऊन कललं तसं खालती मासा आणायला गेली आणि जाताना बजावून गेली की वाफेला लावण्याआधी पाणी नीट शिंपडा. दलेंदानं परातीत दाणे घेतले. पाणी किती, ते तिला ठाऊक नव्हतं. बाबांनाही नव्हतं.

"अर्धी वाटी," बाबा म्हणाले.

"तुम्ही कधी केलंय?"

"खाल्लंय. तुझ्याहून जास्त वर्षं."

"खाऊन पाणी कळतं का?"

"तू काय करून शिकलीस?"

तिनं थोडं शिंपडलं. कमी वाटलं. बाबांनी वाटीतलं उरलेलं ओतलं.

"बाबा! चिखल होईल!"

"नाही होत. मोकळं कर. बोटांनी. असं नाही... सरक जरा." ते परातीच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि तळहात गोल फिरवू लागले, उलट्या दिशेनं. आई उजवीकडे फिरवायची. दलेंदा सांगणार होती. मग तिनंही हात घातला, आणि दोघं त्या छोट्या ढिगाला एकमेकांच्या अंगावर ढकलत, कुरकुरत, मोकळं करत राहिली. चुलीवरचं पाणी उकळून उकळून निम्मं झालं तरी कुणाला ढीग त्यावरच्या भोकांच्या भांड्यात टाकवेना.

"झालं असेल आता," शेवटी बाबा म्हणाले.

"तुम्ही टाका."

"तू टाक. माझे हात ओले आहेत."

तिचेही ओलेच होते. तिनं परात उचलली आणि दाणे वाफेवर ओतले.