वाह्युदीचा निरोप

काओशुंग बंदरावर परदेशी खलाशांसाठी एक मदत कार्यालय होतं. लो पेइ-शान तिथं सोळा वर्षं राबत होती. खलाशांचे निरोप वाचायचे, चिनीत आणायचे आणि जीवावरचं काही असलं तर तिला फोन लावायचा, यासाठी कार्यालयानं एक एआय मदतनीस बसवला होता. त्याचं मॉडेल मात्र एका परदेशी कंपनीचं, भाड्याचं.

सोमवारी वाह्युदी नावाचा इंडोनेशियन खलाशी कार्यालयात आला. पडदा फाटलेल्या डाव्या कानात कापूस कोंबलेला.

"अकरा दिवसांपूर्वी लिहिलं होतं, ताई. कॅप्टन लोखंडी आकड्यानं मारतोय म्हणून. तुमचं उत्तर आलं, हिंसक मजकुरावर आम्ही मदत करू शकत नाही."

पेइ-शानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं नोंदी उघडल्या. खरंच तसं उत्तर गेलं होतं. त्याच आठवड्यात कंपनीनं न सांगता मॉडेल बदललं होतं. तिनं कंपनीला फोन लावला.

"नवं मॉडेल जास्त सुरक्षित आहे, मॅडम," पलीकडचा माणूस म्हणाला.

"कुणासाठी? इथं माणसाच्या कानाचा पडदा फाटलाय! जुनं परत द्या."

"ते बंद केलंय. तुमची तक्रार पुढे पाठवतो."

"पाठवा, आणि तुम्हीही जा तिच्या मागोमाग!" तिनं फोन आपटला.

कार्यालयाची यंत्रं सांभाळणारा त्साय युंग-मिंग दारात उभा होता. कुणालाही फुकट उतरवून घेता येणारं खुलं मॉडेल आपल्याच यंत्रावर चालवू, असं तो वर्षभर सांगत होता. कटकट नको म्हणून तीच टाळत आली होती.

"म्हण ना, मी सांगत होतो म्हणून!" ती त्याच्यावरच खेकसली.

"नंतर म्हणेन, ताई. आधी यंत्र कुठं ठेवू ते सांग."

यंत्र चहाच्या कपाटाशेजारी बसलं. दोन दिवसांनी त्यांनी मॉडेल बदलल्यापासूनचे सगळे निरोप त्याच्यापुढे टाकले. भाषांतर ओबडधोबड, जावानीज शब्दांची तर पार वाट लावलेली. पण एकही निरोप त्यानं नाकारला नाही. वाह्युदीशिवाय मारहाणीचे आणखी सहा निघाले, सहा वेगवेगळ्या बोटींवरून आलेले.

पेइ-शाननं सहाही बोटींचे सॅटेलाइट फोन लावले. पाच लागले. तिनं त्या माणसांशी स्वतः बोलून तटरक्षक दलाला नावं कळवली.

"सहावी बोट?" युंग-मिंगनं विचारलं.

"उचलत नाहीत," ती दात आवळून म्हणाली, आणि पुन्हा तोच नंबर फिरवू लागली.