महाराणी बसायची नाही

आजूबाजूचे लोक सासऱ्यांना, म्हणजे घरातल्या बाबांना, मेंढीमास्तर म्हणत, आणि ते काही उगाच नाही. मेंढी पकडायची, मान वळवायची, एका झटक्यात तिला ढुंगणावर बसवून पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवायची, की ती आरामखुर्चीतल्या पेन्शनरासारखी गप्प. मग चारी खूर कापून मोकळे. बाबांचा सगळा जन्म या एका युक्तीवर निघाला होता, आणि अशा माणसाला दुसरी युक्ती सांगायला शहाण्याने जाऊ नये.

सुनेला मात्र जावं लागलं, महाराणीपायी.

महाराणी ही कळपातली एकुलती एक शेळी. सून लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला बोलायला कुणी नव्हतं. आई मेलेलं हे करडू तिने स्वयंपाकघरात बाटलीने वाढवलं आणि मनातलं सगळं त्यालाच सांगितलं. आता ते करडू भरपूर दूध देत होतं आणि पुढच्या उजव्या पायाने लंगडत होतं. खूर कापायला बाबा तिला मेंढीसारखं बसवायला जात. ती किंचाळून शेजारीपाजारी गोळा करी, लाथा झाडी आणि बाबांना चिखलात लोळवी. शेवटी त्यांनी हात टेकले. महाराणीचे खूर वाढतच गेले.

"खांदा गेलाय तिचा," जेवताना बाबांनी निकाल दिला. "परवा खाटीक येतोय. देऊन टाकू."

"अहो, पोरीने जीव लावलाय तिला," सासूबाई म्हणाल्या.

"लंगडं जनावर पोसायला हा काय दवाखाना आहे?"

सून ताटावरून उठली.

सकाळी ती धार काढायला बसली. महाराणी नेहमीसारखी लाकडी फळीवर चढून खाण्याच्या बादलीत तोंड खुपसून उभी होती, दुखरा पाय अधांतरी. सुनेने तो मायेने हातात घेतला, मागे दुमडला. महाराणीने वरसुद्धा पाहिलं नाही. सून चमकली. बसवायचीच कशाला हिला?

"आई, खूर कापायची कात्री आणा! आणि बादली रिकामी होऊ देऊ नका!"

सासूबाई कात्री घेऊन धावत आल्या. सुनेने टोकाने आधी चिखल खरवडला, आत वळलेली कड कापली, मग पातळ पातळ काप काढू लागली. गुलाबी झाक दिसली की थांबायचं, नाहीतर रक्त येतं, हे ती बाबांचं पाहून पाहून शिकली होती. पण खुराच्या दोन फाकांपैकी बाहेरच्या फाकेला गुलाबी दिसेना. दिसला एक काळा ठिपका. तो दाबताच महाराणीने तोंड बादलीबाहेर काढलं आणि ती अशी ओरडली की सुनेने कात्री मागे घेतली.

"घाबरू नकोस. काप," सासूबाई म्हणाल्या.

आणखी एक काप, आणि घाण वासाचा पू भळकन बाहेर आला. पाठोपाठ काट्याचं मोडकं टोक. सून हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना.

ओरडा ऐकून बाबा दारात आले. "काय चाललंय?"

"बाबा, खांदा सापडला," सून म्हणाली आणि तिने काटा त्यांच्या तळहातावर ठेवला.

बाबांनी काटा पाहिला, मग उभ्या उभ्या खाणारी महाराणी पाहिली. "पण बसवल्याशिवाय खूर कापतात होय?"

"मेंढीचे नाही. ही शेळी आहे."

"काटा काढलास म्हणून लंगडणं जातं का! खाटकाला शब्द दिलाय मी," म्हणून ते निघून गेले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं सासूबाई मुद्दाम त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या. सुनेने जखम धुतली, औषध लावलं, उरलेले तिन्ही खूर कापले आणि महाराणीला गोठ्यात कोरड्या पेंढ्यावर सोडलं.

ठरल्या दिवशी खाटकाची गाडी अंगणात येऊन थांबली. बाबांनी गोठ्याचं दार उघडलं. मेंढ्या दाटीवाटीने बाहेर पडल्या आणि त्यांच्यामधून महाराणी सुसाट निघाली. तिने अंगण ओलांडलं, उडी मारली आणि चारी पायांवर ताठ उभी राहिली ती थेट खाटकाच्या गाडीच्या बॉनेटवर.

"अरे, उतरवा हिला! पत्रा चेपला!" खाटीक ओरडला. "आणि तुमची ती लंगडी कुठंय?"

बाबांनी महाराणीचे चारी पाय नीट निरखून पाहिले. मग सुनेकडे पाहिलं.

"लंगडी नाही आमच्याकडे," ते म्हणाले. "आणि हिला उतरवायचं असेल, तर आमच्या सूनबाईंना विचारा. शेळीतलं मला काही कळत नाही."