माझ्या दारातली सुई

मी एक जुना फ्रिज आहे, मित्रांनो. रायपूरच्या समता कॉलनीत, मेश्रामांच्या स्वयंपाकघरात उभा असतो. कारखान्यातून भनपुरीच्या गोदामात आलो आणि तिथून टेम्पोत बसून या घरी. गुलाबराव तेव्हा रेल्वेत होते. त्यांच्या पत्नी मायाबाईंनी माझ्यात बर्फ जमवून साऱ्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, पोरांना सरबत पाजलं. माझं फार कौतुक झालं.

पुढे गुलाबराव वारले. मुलगा यशदीप याचं लग्न झालं, सून अपर्णा आली. तिला मधुमेह होता, वजनही वाढलेलं. बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा टोचायचं औषध दिलं. त्या औषधाचं पेन, म्हणजे पेनासारखी सुई, माझ्या दारात अंड्यांशेजारी राहू लागलं. वजन उतरलं, साखर ताळ्यावर आली, बिघडलेली पाळी नियमित झाली. घरातले सगळे त्या सुईचे गुण गाऊ लागले. मूल हवं आहे का, हे तिला दवाखान्यात कोणी विचारलं नाही. आशा सोडली होती, म्हणून तिनेही काही सांगितलं नाही.

आणि तिला दिवस गेले. ते कळेपर्यंत ती सुई घेतच होती. हे औषध गर्भाला सुरक्षित आहे का, हे अजून पुरतं माहीत नाही, असं तिने मोबाईलवर वाचलं. घाबरून, कोणाला न विचारता तिने मधुमेहाची सगळीच औषधं सोडली. साखर भडकली. थोड्याच आठवड्यांत गर्भ गेला.

त्यानंतर ती माझं दार उघडून नुसती उभी राही. काढायचं काही नसे, ठेवायचं काही नसे. उरलेल्या पेनाकडे बघत राही. एकदा मायाबाई तिच्या मागे येऊन थांबल्या.

"आई, ह्या सुईनंच गेलं का माझं लेकरू?"

"मले काय माहीत, बाई. चाल, विचारून येऊ."

दोघी परतल्यावर मला कळलं, दवाखान्यातल्या डॉक्टर वनमालाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. असे गर्भ पुष्कळदा कोणाचीच चूक नसताना जातात, म्हणाल्या. सुईमुळे गेला की साखरेमुळे, हे कोणीच सांगू शकणार नाही. मूल हवं असेल तर आधीच सांगायचं. ही सुई निदान दोन महिने अगोदर थांबवावी लागते आणि साखरेसाठी दुसरं औषध द्यावं लागतं. आपल्या मनाने काहीच सोडायचं नाही.

आता माझ्या दारात इन्सुलिन असतं. लेकरू अजून आलेलं नाही. अपर्णा अजूनही अधूनमधून दार उघडून तशीच उभी राहते.

परवा शेजारची पिंकी आली. तिचं नुकतंच लग्न झालंय. ते उरलेलं पेन मागू लागली. "दीदी, थोडा वजन कम करना है."

पेन आता घरात नव्हतंच. अपर्णाने तिला जवळ बसवलं. "पहिले सांग, लेकरू पाहिजे का तुले?"

"अभी सोचा नहीं, दीदी."

"मंग सोच, अन् डॉक्टरले सांग. मले कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून मी तुले विचारून राहिली."

पिंकीने डॉक्टरांचा नंबर मागून घेतला.

मित्रांनो, मी औषध थंड ठेवतो. ते कोणाला चालेल, हे मला कळत नाही. तुमच्या ताईला, वहिनीला एवढं सांगा, की बाळाचा विचार मनात आला की आपल्या औषधांचं डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावं. उशिरा विचारलेल्या प्रश्नाला कधीकधी उत्तरच नसतं.