नऊ डब्या, एक नमुना

तपासणीच्या दिवशी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या सगळ्या जणी आक्काची वाट पाहायच्या. आठ बायका प्लास्टिकच्या छोट्या डब्या ओंजळीत लपवून मागच्या संडासापाशी उभ्या असत, आणि आक्का दिसली की एकच हशा पिकायचा.

"आक्का, आज पोट साफ झालं ना? आमची लाज तुमच्या हातात आहे!"

"हातात नाही गं मेल्यांनो, डबीत!"

बारा वर्षांत आक्काने तापासाठी एक दिवस रजा घेतली नव्हती. म्हणून वर्षातून दोनदा तिचीच विष्ठा नऊ डब्यांत भरून, नऊ जणींच्या नावाने पाठवली जायची. वाचकांनी नाक मुरडावं, माझी हरकत नाही. मुरडावं म्हणूनच लिहितो आहे.

पण त्या बायकांवर हसण्याआधी कॅन्टीनच्या ठेकेदाराचा नियम ऐका. ज्याच्या रिपोर्टमध्ये खोट निघेल, त्याने उद्यापासून यायचं नाही. मागे एकीला असंच घरी बसवलं. महिन्याभरात ती ठणठणीत बरी होऊन आली, तर तिच्या जागी दुसरी उभी होती. त्या दिवसापासून ही पळवाट निघाली, पुढे तिची रीत झाली, आणि सगळ्या मिळून तिला माया म्हणू लागल्या. जुना डॉक्टर तर पुढे पुढे डब्या उघडतही नसे. न बघताच सही ठोकायचा.

त्या आठ जणींत आक्काची सूनही होती. तिचा नवरा, म्हणजे आक्काचा एकुलता एक मुलगा, याच कारखान्यात पॅकिंगला होता. दोन वर्षांपूर्वी टायफॉइडने त्याचं आतडं फाटलं आणि तो गेला. दरवर्षी चार-पाच कामगारांना तो ताप यायचा. खापर पाण्याच्या टाकीवर फुटायचं. टाकी तीनदा धुतली, ताप काही हटेना.

यंदा मालकाने नवी लॅब नेमली. चौथ्या दिवशी लॅबच्या मॅडम नऊ कागद घेऊन आल्या. नऊच्या नऊ नमुन्यांत टायफॉइडचे जंतू होते.

ठेकेदार खो खो हसला. "नऊच्या नऊ? अहो, तुमचं मशीन बिघडलंय! संध्याकाळपर्यंत जुन्या डॉक्टरकडून नवे कागद आणतो बघा."

"मलाही नवल वाटतंय," मॅडम म्हणाल्या. "उद्या पुन्हा नमुने द्या."

सुनेला मात्र नवल वाटलं नाही. मॅडमना जिन्यात गाठून तिने विचारलं, "ज्याला कधी तापच येत नाही, त्याच्या पोटात असतात का हे जंतू?"

"असू शकतात. पूर्वी कधी येऊन गेला असेल, तर वर्षानुवर्षं राहतात. माणूस धडधाकट दिसतो. पण संडासाहून आल्यावर हात नीट धुतले नाहीत आणि कच्चं काही हाताळलं, की दुसऱ्याला लागण होते."

"आणि उपाय?"

"महिनाभराच्या गोळ्या. बहुतेकांना पुरतात."

संडासापाशी नळ होता, साबण नव्हता. ठेकेदाराचा साबण कायम संपलेला असे. चारशे ताटांची काकडी आणि टोमॅटो आक्का एकटी चिरायची. मुलगा पोटात असताना आपण चाळीस दिवस तापाने फणफणलो होतो, हे ती कौतुकाने सगळ्यांना सांगायची.

गप्प राहिलं तर दोघींची नोकरी टिकणार होती, आणि सासूला ते भयंकर सत्य कधीच कळणार नव्हतं. पण घरी सहा वर्षांची लेक आजीच्या हातून जेवत होती.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातच पुन्हा डब्या आल्या. सुनेने आपली डबी पुढे केली नाही.

"मी माझाच नमुना देणार."

"शहाणीच आहेस! आमच्या पोटावर पाय देतेस?" बायका उसळल्या.

काकडी चिरता चिरता आक्का हसली. "का गं, माझी किळस यायला लागली?"

तेव्हा सुनेने सगळ्यांसमोर एका दमात सांगून टाकलं. घरी दोघीच असताना तिला ते जमलं नसतं.

आक्काने सुरी खाली ठेवली. "म्हणजे माझ्या पोराला..."

सून जवळ बसली. "तुम्हाला ठाऊक नव्हतं, आई."

"आपण ठाऊक होऊच दिलं नाही गं," आक्का म्हणाली आणि ढसाढसा रडली.

ठेकेदाराच्या कानावर गेलं. त्याने आक्काला बोलावलं, खुर्ची दिली. बारा वर्षांत पहिल्यांदाच.

"रडू नका. तुमच्या हातची चव मला घालवायची नाही. मुलांच्या वसतिगृहाचं कंत्राट घेतलंय, उद्यापासून तिकडे या. तिथे तपासणी-बिपासणीची कटकट नाही."

दारातून बायका कुजबुजल्या, "हो म्हणा आक्का, देवमाणूस आहे."

"किती मुलं आहेत?" आक्काने विचारलं.

"दोनशे."

"आणि त्यांच्या आया?"

"आया लांब आहेत हो. त्यांना काय कळतंय!"

"मी तर जवळ होते," आक्का म्हणाली. "मलाही नाही कळलं. मी नाही जाणार, आणि त्या वसतिगृहाच्या दारात जाऊन हे सांगून येणार."

ती उठली आणि सरळ जेवणाच्या हॉलमध्ये गेली. पहिली पाळी जेवत होती. "काकडी खाऊ नका," ती मोठ्याने म्हणाली. "ती मी चिरलीय. दरवर्षीचा तो ताप माझ्या हातून येतो." मग तिने डब्यांची सगळी हकीकत सांगितली, काही न लपवता.

एकच गदारोळ उठला. कुणी ताट भिरकावलं, कुणी तिच्या पायाशी थुंकलं. "हाकला हिला!" अशी ओरड झाली आणि ती मागणी तिथल्या तिथे मान्य झाली. सासूबरोबर सूनही गेली. आक्का गेली म्हणजे रोग गेला, असं समजून दुसरी पाळी निवांत जेवायला बसली. ठेकेदाराच्या नियमाबद्दल चारशे तोंडांतून चकार शब्द निघाला नाही.

आक्काने महिनाभर गोळ्या घेतल्या. पुढच्या तपासण्यांत जंतू सापडले नाहीत. याच गोळ्या आपण आधी घेतल्या असत्या तर मुलगा वाचला असता, हा हिशेब ती रोज करते.

तुमच्या कारखान्यात, कचेरीत, शाळेतही तपासणी होत असेल. जो आजारी निघेल त्याची रोजी तुम्ही काढून घेणार असाल, तर त्याने खरं सांगावं असं तुम्ही कोणत्या तोंडाने म्हणता?