नीट एक फोटो

सासऱ्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि त्या दिवसापासून सूनबाईचं घराबाहेर पडणं संपलं. नवरा दूरच्या शहरात कारखान्यात, महिन्यातून एकदा उगवणारा. नणंद आपल्या संसारात गुरफटलेली. उरली कोण, तर ही. नकाशे काढायच्या ऑफिसातली नोकरी तिने सोडली ती चार-सहा महिन्यांचाच प्रश्न आहे म्हणून. त्याला आता दोन वर्षं झाली होती. सासरे चमचा पेल्यावर वाजवून तिला बोलवत. तो टिणटिणाट तिच्या कानात इतका मुरला होता की कधी कधी ती अर्ध्या आंघोळीतून धावत यायची आणि सासरे शांत झोपलेले असायचे.

एके दिवशी जुन्या ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला. "एक जागा रिकामी होतेय. तुझ्यासारखी रेघ अजून इथे कुणाला जमत नाही. पण महिनाअखेरपर्यंतच थांबवू शकते, पुढचं माझ्या हातात नाही."

तिने नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "दिवसभराची बाई ठेवायला माझी ना नाही. पण बाबांना परकं माणूस चालत नाही, तुला माहितीय. त्यांच्या तोंडून हो येऊ दे, मग लगेच ठेवू."

तिने सासऱ्यांसमोर विषय काढला. त्यांनी खिडकीकडे मान वळवली. मग म्हणाले, "कपाटातला माझा कॅमेरा काढ."

सासरे उभा जन्म वर्तमानपत्राचे फोटोग्राफर. पूर, आगी, सभा, अपघात, सगळं त्या एका कॅमेऱ्याने टिपलेलं. "जगाचे फोटो काढले," ते म्हणाले, "माझा स्वतःचा नीट असा एक नाही. तू काढ. तो हातात पडला की मी पोराला सांगतो, बाई ठेव म्हणून."

कॅमेरा मुठीएवढा, पण वजनाला दगड. बॅटरी नाही, काही नाही. समोर काळा गोल चेहरा, त्यावर कंपनीचं नाव कोरलेलं. फिल्म तळातून घालायची. सासरे खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. "टोक नीट काप. दातऱ्यात अडकव. आता खटका ओढ. फिरली ना ती वरची गोल खुंटी? मग फिल्म पुढे सरकतेय."

कॅमेऱ्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीतून तिने पाहिलं, तर मधोमध एक पिवळसर चौकोन आणि त्यात सासऱ्यांची दोन नाकं.

"दोन दिसतायत."

"दिसणारच. भिंगाची कडी फिरव. दोन्ही एकमेकांवर बसली की अंतर जुळलं."

तिने कडी फिरवली. एक नाक सरकत सरकत दुसऱ्यावर जाऊन बसलं. नकाशाच्या दोन कागदांवरची नदी जुळवताना व्हायचं तसं तिला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी हाताला काम मिळालं होतं. फोटोचं बटण दाबलं तर आवाज इतका हलका, की फोटो निघाला यावर तिचा विश्वासच बसेना.

"आवाज नाही म्हणून तर मी अंत्ययात्रेतसुद्धा काढू शकायचो," सासरे म्हणाले.

मग रोज सकाळी, खिडकीतून ऊन आत आलं की फोटो. सासरे दाढी करून घ्यायचे, चांगला शर्ट घालायचे. उजेड बघून कॅमेऱ्यावर लावायचे आकडे सांगायचे. रोज एक-दोनच. "घाई करू नको, फिल्म वाया जाते." तिचं लक्ष कॅलेंडरकडे असायचं, पण चुकलं तर सगळंच मुसळ केरात, म्हणून ती मुकाट ऐकायची. रोल संपला तेव्हा महिन्याचा शेवटचा आठवडा लागला होता.

शेजारणीला तासभर बसवून ती फोटोच्या दुकानात गेली. दोन दिवसांनी पुन्हा गेली. दुकानदाराने धुतलेल्या फिल्मची पट्टी उजेडासमोर धरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी.

"धुण्यात काही चूक नाही," तो म्हणाला. "कडेचे आकडे उमटलेत बघा. कॅमेरा आणलाय का?"

तिने पिशवीतून काढून दिला. त्याने कंपनीचं नाव कोरलेला तो काळा चेहरा दोन बोटांनी ओढला आणि तो अलगद निघून आला. खाली भिंग चमकत होतं.

"टोपी आहे ही. या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी, भिंग वेगळं. टोपी तशीच राहिली तरी बघणाऱ्याला सगळं स्वच्छ दिसतं. चांगल्या चांगल्यांचं होतं असं. फक्त समोर बसलेल्या माणसाला कळतं."

घरी येईपर्यंत ते शेवटचं वाक्य तिच्या डोक्यात घुमत होतं. तिने टोपी सासऱ्यांच्या मांडीवर ठेवली.

"तुम्हाला दिसत होती."

"हो."

"रोज?"

डाव्या हाताने ती टोपी फिरवत ते म्हणाले, "तू गेलीस की दिवसभर मी आणि ही भिंत. बाई येईल, अंग पुसेल, निघून जाईल. तू निदान चिडतेस तरी."

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो हसला. "गंमत केली असेल गं. पुढच्या वेळी आलो की बोलतो." त्याच्या पुढच्या वेळेआधी महिना संपला. मॅडमनी दुसरी मुलगी घेतली.

त्यानंतर ती भांडली नाही. अंघोळ, औषध, जेवण, सगळं वेळेवर. फक्त बोलणं बंद. पेला वाजला की येऊन उभी राहायची, काम करायची, जायची. सासऱ्यांनी एकदोनदा जुने किस्से काढले. तिने चादर झटकली आणि ती निघून गेली.

पंधरा दिवसांनी ती वाटीत पेज घेऊन खोलीकडे येत होती. आत सासरे मुलाशी फोनवर बोलत होते.

"बाई बघ. लगेच बघ... नाही, नोकरी गेली तिची, ठाऊक आहे मला. तिच्यासाठी नाही सांगत. मला तिच्या हातचं नको. लक्ष नसतं तिचं. औषध विसरते, हाक मारली तर येत नाही... हो, रोजचंच आहे."

ती दारातच थांबली. एकही गोळी ती कधी विसरली नव्हती. सासऱ्यांनी फोन ठेवला आणि ती त्यांना दिसली.

"नोकरी नाही तर बाई कशाला, असं म्हणाला असता तो," ते खाली बघत म्हणाले. "दुसरं काही सुचलं नाही."

ती आत आली. पेज भरवली, तोंड पुसलं.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला, चढ्या आवाजात. "म्हातारा माणूस आहे, एवढंही होत नाही तुझ्याकडून?" त्यामागोमाग नणंदेचा. तिला खरं काय ते सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर बाई आली नसती. तिने दोघांचंही ऐकून घेतलं.

सोमवारपासून बाई आली. सूनबाई सकाळी दहाला बाहेर पडून काम शोधू लागली. तीन महिन्यांनी तिला मिळालं, पहिल्यापेक्षा कमी मानाचं आणि दोन बस बदलून जायचं. घरात मात्र सासऱ्यांना टाकून जाणारी सून हेच तिचं नाव पडलं. पाहुणे आले की नणंद सर्वांदेखत ते काढायची. अशा वेळी सासरे खुर्चीत बसून जमिनीकडे बघत राहायचे, आणि ती सर्वांना चहा द्यायची. त्यांना पहिला.