काशीरामचा होकार

राही परदेशात नेमकं काय करते, हे काशीरामला गावात कधी धड सांगता आलं नाही. पुतणी जपानला जाऊन आली, जर्मनीत तिचा कार्यक्रम झाला, पेपरात फोटो आला; पण ती गात नाही, नाचत नाही, नाटकातही नाही. आवाजांचे प्रयोग करते म्हणे. एकदा तिने तासभर नुसती जात्याची घरघर ऐकवली आणि लोकांनी तिकीट काढून ती ऐकली. कुणी विचारलं की काशीराम 'रेडिओतलं काहीतरी' असं सांगून वेळ मारून न्यायचा.

आज शनिवारी ती पहिल्यांदाच रत्नागिरीत प्रयोग करणार होती. गावातून दोन गाड्या भरून माणसं आली होती. काशीराम पहिल्या रांगेत बसला खरा, पण त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. राहीच्या घशात गाठ निघाली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला होता, रिपोर्ट सोमवारी येणार होता. आईबाप गेल्यावर तिला काशीरामनेच वाढवलं, म्हणून हे तिने फक्त त्यालाच सांगितलं होतं.

दिवे मंदावले. राही अनवाणी माइकपुढे आली, हात जोडले आणि देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घालू लागली.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वाटेच्या म्हाराजा..."

काशीरामला हायसं वाटलं. निदान हे तरी कळण्यातलं होतं. गाऱ्हाण्यात प्रत्येक मागण्यामागे जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, म्हणजे ते देवाच्या दरबारी रुजू होतं. गावात पहिला 'व्हय' काशीरामचा, गेली चाळीस वर्षं. तो निघाला की मागून सगळे. त्यात विचार करायचा नसतो, शिंक येते तसा तो येतो.

"...ह्यो आवाज तुजा हाय म्हाराजा. तो तू घेऊन जा. परत देऊ नको."

"व्हय म्हाराजा!" काशीरामच्या तोंडून गेलं आणि मागून दोनशे माणसांनी छत दणाणून सोडलं.

मग आपण कशाला होकार दिला ते त्याला उमगलं. दिवे लागले, टाळ्या पडल्या, आणि तो धडपडत मंचावर चढला.

"काय मागितलंस गो ह्या? आनि मी मेला व्हय बोललू!"

"काका, नऊ वर्षं मी प्रयोगात हेच गाऱ्हाणं घालतेय," राहीचे डोळे चमकत होते. "सगळीकडे मागणं संपलं की नुसती शांतता. आज पहिल्यांदा कुणी उत्तर दिलं!"

ती हसली आणि हसता हसता खोकली. खोकला थांबेना.

"मागं घे. आत्ताच्या आत्ता."

"काका, प्रयोग आहे तो..."

काशीरामने पुढचं ऐकलंच नाही. त्याने माइक हिसकावला. चपला शोधणारी माणसं जागच्या जागी थांबली.

"बा देवा म्हाराजा, पोरीचा आवाज तिच्याकडं ऱ्हाव दे. न्यायचाच तर माजा ने!"

कुणी 'व्हय' म्हणेना. काय मागितलं जातंय ते आता सगळ्यांना कळत होतं, आणि जो तो ओठ मिटून उभा होता. होकाराशिवाय गाऱ्हाणं फुकट, हे काशीरामइतकं कुणाला ठाऊक?

"बोला रे," तो रडकुंडीला आला. "कोनीतरी बोला!"

"नाय म्हाराजा."

राहीने माइक आपल्याकडे ओढला होता. गाऱ्हाण्याला नाही म्हणायची रीतच नाही. तसं कुणी म्हटलेलं काशीरामने जन्मात ऐकलं नव्हतं. राहीचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता तीही घाबरली होती.

"काकाचा नको," ती म्हणाली. "काकाचा नको, म्हा..."

पुढचा शब्द फुटला नाही. तिने पुन्हा तोंड उघडलं. स्पीकरमधून तिचा श्वास तेवढा सभागृहभर ऐकू येत राहिला. काशीराम तिचा हात घट्ट धरून तिच्या ओठांकडे बघत उभा राहिला.