चादरीखालचे निदान

दाढी एक दिवसाआड करावी असा डॉक्टरांच्या हनुवटीचा मुळीच आग्रह नव्हता. वाढच मुळात विरळ. परंतु घरी स्वतःच्या हाताने ती उरकली की दिवसभर तोंड उघडायला निमित्त उरत नसे. सलूनमध्ये निदान हुज्जत घालायला हक्काचा माणूस मिळे.

हुज्जत ही त्यांची जुनी खोड. रुग्णालयाच्या तळघरातील ज्या खोलीत बसून त्यांनी सारा जन्म स्कॅन वाचले, ती त्यांच्या हुकमाने सदैव काळोखात असे. सगळे तिला अंधारखोलीच म्हणत. तिथे सर्जन तावातावाने येत, वाद घालत, हरत आणि चहा पाजून जात. पुढे फोनवर स्कॅन पाहण्याची सोय झाली आणि डॉक्टर घरी बसून काम करू लागले. आता अहवाल पाठवला की उत्तरादाखल एक अंगठा येई. वाद घालायला कुणी येत नसे. पत्नी गेल्यापासून तर घरात फोन वाजे तो केवळ कुणाच्या तरी डोक्यासाठी किंवा फुफ्फुसासाठी.

त्या दिवशी सकाळी गालाला साबण लागला आणि फोन वाजला. अपघात विभागातील तरुण डॉक्टरीण धापा टाकत होती.

"सर, शाळेतल्या बाई आहेत. वर्गात शिकवता शिकवता वाचाच गेली, उजवा हात लुळा पडलाय. रक्तस्राव नाही एवढं सांगा, म्हणजे रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन देते. वेळ फार थोडा आहे."

"स्कॅन कुठे आहे?"

"ॲप झोपलंय सर. स्कॅन काढणारा आपला भाऊ पडद्याचे फोटो काढून पाठवतोय."

रक्तस्राव असेल तर ते इंजेक्शन जीव घेणार. नसेल आणि दिले नाही, तर बाईंची वाचा बहुधा परत येणार नाही. डॉक्टरांनी फोन डोळ्यांसमोर धरला. दुकानाच्या लखलखाटात चित्र धड दिसेना.

"दिवे मालव जरा."

"आणि समोरच्या खुर्चीतल्या साहेबांचा कान कापू?" सलूनवाला म्हणाला. त्याने डॉक्टरांच्या गळ्याभोवतीची काळी चादर सोडवली आणि सरळ त्यांच्या डोक्यावरून घेतली. "घ्या, तंबू. साबण चादरीला पुसू नका म्हणजे झालं."

चादरीखाली चित्रे एकेक उतरू लागली. चौथ्या चित्रात, कवटीच्या आतल्या कडेला चिकटून, डावीकडे एक पांढरी बारीक रेघ दिसली. पाचव्यातही दिसली. ताजे रक्त असेच दिसते. डॉक्टरांनी लिहिले : रक्तस्राव. इंजेक्शन देऊ नये. अंगठा आला.

उरलेली चित्रे नंतर आली. शेवटचा छेद, म्हणजे स्कॅनचे शेवटचे चित्र, पाहिल्याशिवाय तोंड उघडू नये, असे त्यांनी विद्यार्थ्यांच्या किती तुकड्यांना दरडावून सांगितले असेल! माथ्याकडे कवटीचे वर्तुळ लहान होत जाते. वर्तुळ लहान झाले होते. रेघ मात्र जागची हललेली नव्हती. ती आता कवटीच्या बाहेर, हवेत लोंबत होती.

रक्त हवेत लोंबत नाही. डॉक्टरांनी दोन बोटांनी चित्र मोठे केले. पडद्याच्या काळ्या भागात फोटो काढणाऱ्या भाऊची छबी उमटली होती, मागे चारपाच माणसे दाटीने उभी होती, कुणाच्या तरी हातात कप होता, आणि वर छताला ट्यूबलाइट जळत होती. अंधारखोलीत दिवा! त्या गर्दीकडे ते क्षणभर जास्तच पाहत राहिले. मग एकदम भानावर येऊन त्यांनी फोन लावला.

"दिलं नाहीस ना इंजेक्शन?"

"नाही सर. तुम्हीच नको म्हणालात. आत्ता त्यांच्या मिस्टरांना तेच सांगतेय."

"चूक आहे. माझी चूक. ती रेघ म्हणजे ट्यूबलाइटचं प्रतिबिंब."

"सर, रागावू नका, पण मघाशीही तुम्ही इतक्याच ठामपणे सांगितलं होतंत. मी आता कोणत्या शब्दावर जाऊ?"

असा रोखठोक प्रश्न त्यांना कित्येक दिवसांत कुणी विचारला नव्हता. "कोणत्याच नाही," ते म्हणाले. "अंधारखोलीत जा, दिवा बंद कर, व्हिडिओ कॉल लाव. दोघं मिळून पाहू."

तिने भाऊच्या फोनवरून लावला. खटका पडला आणि तिकडची खोली काळोखात बुडाली; इकडे चादरीखाली काळोख होताच. भाऊ एकेक छेद पुढे सरकवू लागला. "थांब. मागे घे. पुढे." डॉक्टरीण प्रत्येक ठिकाणी अडवून विचारत होती, डॉक्टर कारणासकट उत्तर देत होते. पार माथ्यापर्यंत रेघ कुठेच नव्हती.

"स्वच्छ आहे. तुझं मत?"

"स्वच्छ. पळते सर!"

पावले धावत गेली. भाऊ फोन टेबलावर ठेवून मागोमाग पळाला. कॉल बंद करायचे कुणालाच सुचले नाही. डॉक्टरांनीही केला नाही. त्यांनी चादर बाजूला केली आणि फोन आरशाखालच्या फळीवर टेकवून ठेवला.

"झालं का साहेब?"

"नाही. चालू आहे अजून."

सलूनवाल्याने वाळलेला साबण ओला केला, दाढी उरकली. फोनमध्ये नुसता काळोख होता. दार उघडे राहिले असावे, कारण बाहेरून चाकांची घरघर आणि तुटक बोलणी ऐकू येत होती.

"केसही काप."

"कोणते?" सलूनवाला टकलाकडे पाहत म्हणाला.

"आहेत ते. सावकाश."

सलूनवाल्याने एकदा फोनकडे आणि एकदा आरशातल्या गिऱ्हाइकाकडे पाहिले, आणि हवेतच कात्री वाजवू लागला.

बऱ्याच वेळाने फोनमधून भाऊचा आवाज आला. तो दारात कुणाला तरी सांगत होता, "अरे, बोलल्या! शब्द जड येतायत, पण पहिलं काय विचारलं असेल? 'वर्गावर कोण आहे?' मिस्टर रडतायत आणि ही डॉक्टरीणही रडतेय."

पाठोपाठ हसण्याचा गलका झाला. आरशाखाली डॉक्टरही हसले. तिकडे कुणाला ते ऐकू गेले नाही.

"चला, चहा घेऊ," भाऊ म्हणाला. खटका पडला आणि छतावरची ट्यूबलाइट फोनच्या पडद्यावर भगभगली. डॉक्टरांचे तोंड दटावण्यासाठी उघडले होते. पण ते तसेच राहिले. भाऊचा हात खाली आला. वेळ पाहायला त्याने फोन उचलला असावा, कारण त्याचा चेहरा क्षणभर अगदी जवळ दिसला, कपाळाला आठी घातलेला.

"च्यायला, बॅटरी संपत आली," तो स्वतःशीच म्हणाला, आणि त्याने कॉल बंद केला.